पार्श्वभूमी: साखरेच्या औषधांमागचे लठ्ठ उंदीर

जून २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ समूहाच्या मधुमेहविषयक नियतकालिकात छापून आले आणि मधुमेहाच्या यादीत गोव्याचे नाव सर्वांत वर निघाले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के, गोव्याचे २६.४ टक्के. म्हणजे दर चार प्रौढ गोवेकरांमागे एकाला मधुमेह. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही वाड्यावर ही गोष्ट नवी नव्हती. तिला फक्त छापील आकडा मिळाला. पुढे मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही साखर आणि वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात विकायला आली, आणि चवथीला नेवऱ्यांचे ताट पुढे आले की ‘तू इंजेक्शन सुरू केलेस काय?’ हाही प्रश्न येऊ लागला.

अशा औषधांच्या बातमीत ‘उंदरांवरील प्रयोग यशस्वी’ हे एक वाक्य ठरलेले असते. ते उंदीर कोणते, त्यांच्यात काय बदललेले होते, ते मुळात लठ्ठ कसे झाले, यातले काहीच बातमीत नसते. त्या एका वाक्यामागे शंभरहून अधिक वर्षांची कथा आहे, आणि ती कळली की त्या वाक्यावर किती विसंबावे हेही बरेचसे कळते.

सुरुवात हौसेतून झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ॲबी लॅथ्रॉप नावाच्या निवृत्त शिक्षिका कोंबड्यांचा धंदा चालला नाही म्हणून शोभेचे उंदीर पाळून विकत असत. हार्वर्डच्या संशोधकांना उंदीर हवे असले की ते त्यांच्याकडून घेत. त्यांच्याकडच्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१ मध्ये सख्ख्या भावंडांचे संकर पिढ्यान्‌पिढ्या करत एक काळे वाण तयार केले. त्याचे नाव सी५७ ब्लॅक. आज जगभर लठ्ठपणाचे आणि मधुमेहाचे बहुतेक प्रयोग याच काळ्या उंदराच्या वंशजांवर होतात. लिटल यांनीच १९२९ मध्ये मेन राज्यातल्या बार हार्बर या किनाऱ्यावरच्या गावी जॅक्सन प्रयोगशाळा काढली. १९४७ च्या वणव्यात ती जळाली, उंदीरही गेले. पण आधी जगभर पाठवलेल्या उंदरांमधून वाणे पुन्हा उभी राहिली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ च्या उन्हाळ्यात, त्याच प्रयोगशाळेत एका वेतातली काही पिल्ले फुगत चालल्याचे लक्षात आले. ती खात सुटत आणि पूर्ण वाढ झाल्यावर नेहमीच्या उंदराच्या तिप्पट वजनाची होत. कुणी काही केले नव्हते, एक जनुक आपसूक बिघडले होते. या वाणाला ‘ओबी’ नाव पडले. १९६६ मध्ये तिथूनच दुसऱ्या एका वाणाची नोंद छापून आली, लठ्ठ आणि वर कडक मधुमेही. ते ‘डीबी’. दोघांना शेजारी ठेवले तर वेगळे ओळखणे अवघड.

डग्लस कोलमन या कॅनडात जन्मलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञाने या दोन वाणांवर केलेला प्रयोग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो, जरी ऐकायला तो अंगावर येणारा असला तरी. दोन उंदरांच्या कुशी एकमेकांना शिवायच्या, म्हणजे एकाच्या रक्तातले पदार्थ दुसऱ्यात जातात. डीबी उंदराला साध्या उंदराशी जोडले, तेव्हा साध्याने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. डीबी मात्र चरत राहिला. डीबीला ओबीशी जोडले, तर ओबीचीही तीच गत. ओबीला साध्याशी जोडले, तेव्हा मात्र ओबीने खाणे कमी केले आणि त्याचे वजन उतरले. यंत्रे नव्हती, जनुक वाचण्याची सोय नव्हती. नुसत्या तर्काने कोलमन यांनी निष्कर्ष काढला. ‘आता पुरे’ सांगणारा एक पदार्थ रक्तात असतो. ओबीला तो तयारच करता येत नाही. डीबी तो भरपूर तयार करतो, पण त्याला तो ऐकू येत नाही.

हे १९६९ ते १९७३ दरम्यानचे. लठ्ठपणा म्हणजे जिभेवर ताबा नसणे, ही समजूत तेव्हा डॉक्टरांतही घट्ट होती, त्यामुळे कोलमन यांचे म्हणणे मान्य व्हायला बराच काळ गेला. आजही आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत जाड माणसाच्या पानाकडे लोक ज्या नजरेने बघतात, त्यावरून ती समजूत पुरती गेली असे म्हणवत नाही.

कोलमन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती, जिची चर्चा कमी होते. तोच ओबी किंवा डीबी बिघाड सी५७ ब्लॅकच्या एका पोटवाणात असला तर उंदीर लठ्ठ होतो, पण त्याची साखर काही काळ चढून बऱ्यापैकी सावरते. दुसऱ्या पोटवाणात तोच बिघाड स्वादुपिंडाची वाट लावतो आणि उंदीर मधुमेहाने मरतो. बिघाड एकच, घराणे वेगळे. एकाच घरात दोन भावांची पोटे सारखीच सुटलेली आणि साखर मात्र एकालाच, हे गोव्यात पाहणाऱ्याला यात काही चमत्कारिक वाटू नये.

तो पदार्थ हाती लागायला १९९४ चा डिसेंबर उजाडावा लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने आठेक वर्षे खपून ओबी जनुक शोधले. चरबीच्या पेशींतून येणाऱ्या त्या संप्रेरकाला लेप्टिन हे नाव मिळाले. अमजेन कंपनीने त्याच्या हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले. लेप्टिन टोचल्यावर बारीक झालेल्या ओबी उंदराचे छायाचित्र जगभर छापले गेले आणि लठ्ठपणावर औषध सापडले असे सगळ्यांनी धरून चालले.

तसे झाले नाही. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतेच, उलट जास्त असते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजनावरचा परिणाम तुटपुंजा आणि माणसागणिक वेगळा निघाला. मात्र १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांना पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबात दोन चुलत भावंडे सापडली होती: आठ वर्षांची मुलगी ८६ किलोची, दोन वर्षांचा मुलगा २९ किलोचा. दोघांतही लेप्टिनचेच जनुक बिघडलेले. मुलीला लेप्टिन सुरू केले आणि वर्षभरात तिचे १६ किलोहून अधिक वजन उतरले. ओबी उंदराने माणसाबद्दल खोटे काही सांगितले नव्हते. तो फारच थोड्या माणसांबद्दल बोलत होता, आणि बाकीच्यांनी ते स्वतःबद्दल समजले.

इथपर्यंतचे सगळे उंदीर निसर्गाने बिघडवलेले. माणसाने हेतुपूर्वक जनुक घालून केलेले ट्रान्सजेनिक उंदीर ही वेगळी धारा, आणि ती १९८०-८१ च्या सुमारास वाहू लागली. नुकत्याच फळलेल्या बीजांडात बारीक काचनळीने परके जनुक टोचायचे आणि ते गर्भ दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवायचे, अशी ही रीत. १९८२ मध्ये रिचर्ड पामिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर यांनी मोठ्या उंदराचे म्हणजे रॅटचे वाढीचे संप्रेरक तयार करणारे जनुक असे टोचले. १७० गर्भांतून २१ पिल्ले जन्मली, सात जणांत जनुक रुजले, सहा भावंडांपेक्षा ठळकपणे मोठी झाली. त्याच वर्षी जिवाणूंकडून करून घेतलेले मानवी इन्शुलिन अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाले.

टोचण्याची ही रीत ढोबळ होती. जनुक गुणसूत्रात कुठे बसेल याचा नेम नाही. नेमके जनुक गाठून ते बंद पाडण्याची कला मारियो कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांनी दिली, त्यासाठी त्यांना २००७ चे नोबेल मिळाले. आणि १९९४ च्या सुमारास जर्मनीत क्लाउस राजेव्स्की यांच्या गटाने उंदरांत अशी व्यवस्था बसवली की जनुक सगळ्या शरीरात न काढता ठरावीक पेशींतून तेवढे काढता येईल. मधुमेहाच्या अभ्यासाला खरा उपयोग झाला तो हिचा.

कारण प्रश्न तिथेच अडला होता. इन्शुलिन रक्तात आहे, पण शरीर त्याला दाद देत नाही, ही दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाची ओळख. मग दाद देत नाही ते कोण? स्नायू, यकृत, चरबी की मेंदू? इन्शुलिनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची त्याचा निरोप घेणारी जागा, सबंध शरीरातून काढलेली पिल्ले १९९६ मध्ये तयार झाली, ती जन्मल्यानंतर काही दिवसांतच मेली. त्यांच्याकडून काही विचारून घेता येईना. बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रात रोनाल्ड कान यांच्या गटाने एकेका अवयवाचा रिसेप्टर काढायला घेतला. १९९८ मध्ये पहिली पाळी स्नायूंची. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायू उचलतात, तेव्हा हे उंदीर मधुमेही होणार यात कुणाला शंका नव्हती. त्यांची साखर जवळपास सरळ राहिली! चरबी मात्र वाढली. २००० मध्ये यकृताची पाळी आली आणि तिथे मोठा बिघाड दिसला: यकृत इन्शुलिनचे ऐकेना, साखर ओतत राहिले. स्वादुपिंडाच्या ज्या पेशी इन्शुलिन बनवतात त्यांच्यातला रिसेप्टर काढला, तर जेवणानंतर त्यांना साखरेचा अंदाजच येईना. चरबीच्या पेशींतला काढला, तर उंदीर सडपातळ राहिले आणि जास्त जगले.

चरबीवरच्या आणखी एका उंदराबद्दल सांगायला हवे. १९९८ मध्ये असे ट्रान्सजेनिक उंदीर तयार झाले की ज्यांच्या अंगावर पांढरी चरबी जवळजवळ नव्हतीच. चरबी नाही म्हणजे मधुमेह नाही, असे कुणालाही वाटेल. झाले उलट. त्यांना कडक मधुमेह झाला, कारण साठवणीची जागाच नसल्याने चरबी यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसली. निरोगी उंदराची चरबी त्यांच्या अंगात बसवली, तेव्हा साखर सुधारली. जन्मजात चरबीच नसलेली काही माणसे असतात. त्यांच्यासाठी लेप्टिनचे औषध अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाले, ते अशाच उंदरांच्या वाटेने. लठ्ठपणावरचे म्हणून गाजलेले औषध शेवटी बिनचरबीच्या माणसांच्या कामी आले.

याच ठिकाणी ही गोष्ट आपल्या दारात येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच जोडफोटो छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी माणसे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कितीतरी दिसतील. काटा त्यांना लठ्ठ म्हणत नाही, रक्ततपासणी मात्र सोडत नाही. याज्ञिक यांच्या गटाने हे वळण पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही दाखवले. अशा शरीराचा अभ्यास करायला खादाड ओबी उंदीर फारसा कामाचा नाही. चरबी चुकीच्या जागी बसलेले उंदीर त्याच्या अधिक जवळचे.

उंदराच्या साक्षीत आणखी एक खोट आहे, तिला हवामान कारण. प्रयोगशाळा साधारण २२ अंशांवर ठेवतात, कारण तिथे काम करणाऱ्या माणसांना ते बरे वाटते. उंदराला ती थंडी वाजते. अंग ऊबदार ठेवण्यातच त्याची बरीच ऊर्जा जळते. अंगात उष्णता निर्माण करणारे एक प्रथिन काढलेले उंदीर १९९७ मध्ये केले, ते लठ्ठ व्हायला हवे होते, झाले नाहीत. २००९ मध्ये स्टॉकहोममध्ये तेच उंदीर तिशीच्या आसपास तापमानात ठेवले आणि ते लठ्ठ झाले. पणजीत पंखा बंद करून ठेवले असते तरी चालले असते.

भारतातही या कामाचा एक जुना ठेवा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९९० च्या दशकात रॅटच्या वसाहतीत आपसूक लठ्ठ झालेले प्राणी सापडले आणि त्यांची वाणे जपली गेली. त्यांतल्या एका वाणात साखर पेलण्याची क्षमताही कमी आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची समिती परवानगी देते, आणि जनुक बदललेल्या प्राण्यांना १९८९ चे पर्यावरणविषयक नियमही लागू होतात.

एक गोष्ट मात्र उंदरांच्या खात्यावर चढवता येत नाही. गोव्यातल्या रुग्णांच्या डब्यात सर्वांत जास्त दिसणारी मेटफॉर्मिनची गोळी एका वनस्पतीच्या जुन्या उपयोगातून आली आणि १९५७ पासून मधुमेहावर दिली जाते, ट्रान्सजेनिक उंदीर जन्मण्याच्या पाव शतक आधीपासून. इन्शुलिनही १९२१ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून सापडले.

नव्या इंजेक्शनांचा हिशेब वेगळा आहे. ती जीएलपी-१ या आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल करतात. या जातीच्या पहिल्या औषधाचा, २००५ मध्ये मंजूर झालेल्या एक्झेनाटाइडचा, उगम अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात होता. टोरांटोमध्ये डॅनियल ड्रकर यांच्या गटाने १९९६ मध्ये जीएलपी-१ चा रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले, त्यांची साखर थोडी बिघडली, पण ते लठ्ठ झाले नाहीत. तेवढ्यावरून कुणी निष्कर्ष काढला असता, तर वजनासाठी हे औषध कुणी हाती धरले नसते. २०१४ मध्ये केवळ चेतापेशींतून तो रिसेप्टर काढलेल्या उंदरांना लिराग्लुटाइड हे याच जातीचे औषध दिले, तेव्हा त्यांचे वजन उतरेना. भूक कमी होते ती मेंदूमार्फत, हे त्यातून पक्के झाले.

या औषधांच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापलेला इशाराही उंदरांनीच दिलेला आहे. लांब काळ औषध दिलेल्या उंदरांत आणि रॅटमध्ये थायरॉईडच्या एका प्रकारच्या पेशींच्या गाठी आढळल्या. त्या पेशींवर जीएलपी-१ चे रिसेप्टर उंदरांत भरपूर असतात, माणसांत फार थोडे. त्यामुळे हा धोका माणसालाही आहे असे सिद्ध झालेले नाही. तरीही थायरॉईडच्या याच पेशींचा, मेड्युलरी नावाचा कर्करोग स्वतःला किंवा घरात कुणाला झालेला असेल, तर ही इंजेक्शने देत नाहीत, आणि पहिली सुई लिहून देण्याआधी डॉक्टरांनी घराण्याची चौकशी करायची असते ती यासाठी.