नदी उतरते, सामन चढतो

सामाईक कुरणात एकाने जादा गुरे सोडली, तर चारा सगळ्यांचाच कमी होतो, त्याच्या स्वतःच्या गुरांचाही. म्हणून कधी ना कधी सगळ्यांना एकत्र बसून नियम ठरवावेच लागतात. लोक असे नियम कसे बनवतात आणि पाळतात, याच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. नदीचे गणित मात्र वेगळे आहे. वरच्या अंगाला सोडलेली घाण वरच्याला पुन्हा दिसत नाही; ती खालच्याच्या वाट्याला जाते. दोन किंवा अधिक देशांत विभागलेली तीनशेहून जास्त नदीखोरी जगात आहेत आणि त्या प्रत्येकात हीच अडचण आहे. ज्याने थांबायला हवे, त्याला थांबण्याची गरजच वाटत नाही.

स्वित्झर्लंडकडून फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरून नेदरलँड्सकडे उतरणाऱ्या ऱ्हाईन नदीचेच पाहा. फ्रान्समधल्या अल्सास भागातील पोटॅश खाणी आपले टाकाऊ मीठ वर्षानुवर्षे नदीत सोडत होत्या. सांडपाण्यातला सेंद्रिय कचरा, पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर, जिवाणू वाटेत खाऊन टाकतात. मीठ कुजत नाही आणि तळाशीही बसत नाही. ते थेट नेदरलँड्सच्या पाणीपुरवठ्यात आणि बागायतीत पोहोचायचे. १९७६ च्या करारात मीठ कमी करण्याचा खर्च वाटून घेतला गेला: फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३०, स्वित्झर्लंड ६ आणि नेदरलँड्स ३४! म्हणजे खर्चाचा सर्वाधिक भार घाण सोसणाऱ्यानेच उचलला. न्यायाच्या दृष्टीने हे उफराटेच. पण नदीकाठी न्यायाची वाट पाहत बसणाऱ्याला खारट पाणी प्यावे लागते. एवढे करूनही अंमलबजावणी रेंगाळली ती रेंगाळलीच.

चक्र फिरले ते एका आगीमुळे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझ कंपनीचे रसायनांचे गोदाम पेटले. आग विझवायला मारलेले पाणी कीटकनाशके आणि लाल रंग घेऊन नदीत उतरले. तळाशी राहणाऱ्या ईल माशांचा सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत खच पडला. पुढच्याच वर्षी काठच्या देशांनी कृती कार्यक्रम मंजूर केला आणि त्यात एक वेगळेच उद्दिष्ट ठेवले: २००० पर्यंत नदीत सामन मासा परतला पाहिजे.

ही निवड भावनिक वाटेल, पण मला ती मोठी धूर्त वाटते. सामन जन्मतो उपनद्यांच्या स्वच्छ, खडीच्या तळाशी, वाढतो समुद्रात, आणि अंडी घालायला वासाच्या खुणेने जन्मस्थळी परततो. खडीत गाळ बसला की अंड्यांना ऑक्सिजन मिळत नाही. वाटेत बंधारा आला की प्रवास तिथेच संपतो. त्यामुळे आता वरच्या देशांनाही खालच्यांकडे काही मागायचे होते. नेदरलँड्सने १९७० मध्ये हारिंगफ्लीटचे, म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथल्या एका खाडीचे, मुख दरवाजांनी बंद केले होते. सामन तिथून आत आला नाही, तर वर केलेला सगळा खर्च पाण्यात. ते दरवाजे माशांसाठी किलकिले व्हायला २०१८ उजाडले. १९९० च्या दशकात काही उपनद्यांत सामनची वीण पुन्हा सुरू झाली. बाझेलपर्यंतची वाट मात्र अजून पूर्ण मोकळी झालेली नाही.

करार टिकतो तो मोजमापावर. बाझेलच्या खाली, जर्मनीतल्या वाइल गावात, १९९३ पासून एक तपासणी केंद्र चालते. ते जर्मनी आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांचे आहे. नदीच्या रुंदीत एकाच नव्हे, तर पाच ठिकाणांहून ते पाणी उचलते, कारण एका काठाला सोडलेले रसायन बरेच अंतर त्याच काठाने जाते, लगेच मिसळत नाही. आकडा दोघांचा असला की ‘तुमचे यंत्र चुकते’ हा वाद उरत नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीवर तर धरणेच सामाईक आहेत. माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ मध्ये संस्था उभारली. तिची धरणे कोणाच्याही हद्दीत असली तरी मालकी सगळ्यांची. पाण्याऐवजी वीज, सिंचन आणि जलवाहतूक यांचे फायदे वाटायचे, ही कल्पना उत्तमच. पण १९८६ मध्ये मुखाजवळ डियामा बंधारा झाला, समुद्राचे खारे पाणी अडले आणि वरच्या गोड्या पाण्यात गोगलगायी माजल्या. बिल्हार्झिया रोगाचा परजीवी याच गोगलगायींत वाढतो. काही वर्षांतच रिशार-टोल परिसरात त्याची मोठी साथ आली. गोगलगायी खाणारी नदीतली कोळंबी अंडी घालायला मुखाकडच्या मचूळ पाण्यात जाते आणि तिची वाट बंधाऱ्याने तोडली होती. पुढे संशोधकांनी एका गावाच्या पाणवठ्यात ही कोळंबी पुन्हा सोडून पाहिली. तुलनेसाठी निवडलेल्या दुसऱ्या गावापेक्षा तिथे संसर्ग कमी आढळला.