काँक्रीटच्या पायाखालची जमीन सरकते तेव्हा

गेल्या जुलैमध्ये कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका गोदामासमोर उभा होतो. पोत्यांनी भरलेला दहा चाकी ट्रक मागे मागे येत धक्क्याला लागत होता आणि त्याची मागची चाके काँक्रीटच्या दोन स्लॅबमधील सांधा ओलांडत असताना सांध्यातून तपकिरी पाण्याची चिळकांडी हातभर उंच उडाली. सिमेंटचे पाणी राखाडी असते. तपकिरी रंग खालच्या मुरमाचा होता. गोदामाच्या मालकांचे तिकडे लक्ष नव्हते. ते मला सांध्यालगत तुटलेला स्लॅबचा त्रिकोणी कोपरा दाखवत होते आणि ठेकेदाराने सळई खाल्ली असे ठामपणे सांगत होते.

सळई कमी असेलही, पण जमिनीवर टेकलेल्या स्लॅबमधील जाळी भेग पडूच देत नाही, हा गैरसमज आहे. ती पडलेली भेग रुंदावू देत नाही, एवढेच तिचे काम, आणि तेही ती स्लॅबच्या वरच्या भागात असेल तर. प्रत्यक्षात काँक्रीट ओतताना मजूर जाळीवरूनच चालतात आणि जाळी तळाला जाऊन बसते.

काँक्रीट दाबाला भक्कम आणि ताणाला दुबळे असते. ‘एम ४०’ प्रतीच्या काँक्रीटचा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन दाब सोसतो; पण तेच काँक्रीट वाकवले तर भारतीय मानकातील सूत्रानुसार सुमारे ४.४ न्यूटन ताणालाच तडकते. चाकाखाली स्लॅब किंचित वाकतोच, आणि किती वाकायचे हे चाक कोठे आहे त्यावर ठरते. उशीवर ठेवलेला पापड मधोमध दाबला तर बराच वेळ टिकतो, कडेला दाबला तर लवकर मोडतो आणि कोपऱ्यावर बोट ठेवले की लगेच तुकडा पडतो. डेन्मार्कमध्ये जन्मलेले अभियंते हॅराल्ड वेस्टरगार्ड यांनी १९२६ मध्ये हे गणितात बसवले. जमीन म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या स्वतंत्र स्प्रिंगांची गादी मानून त्यांनी मध्य, कड आणि कोपरा या तिन्ही ठिकाणच्या ताणांची सूत्रे मांडली. चाक मधोमध असताना ताण स्लॅबच्या तळाला येतो, तर कोपऱ्यावर असताना वरच्या पृष्ठाला. म्हणून कोपऱ्याची भेग वरून खाली उतरते आणि तुकडा त्रिकोणी निघतो.

या गणिताचे एक गृहीतक मात्र पावसाळ्यात कोसळते, ते म्हणजे स्लॅब आणि जमीन यांच्यात फट नाही. सांध्यातून उतरलेले पाणी तळाशी साचते. जड चाक सांध्याकडे येते तसा अलीकडचा स्लॅब हळूहळू दबतो आणि पाणी पलीकडच्या स्लॅबखाली ढकलले जाते. चाक सांधा ओलांडते त्या क्षणी पलीकडचा स्लॅब एकदम खाली बसतो, आणि तेच पाणी वेगाने उलट फिरताना मुरमाचे बारीक कण उचलून अलीकडच्या स्लॅबखाली नेते किंवा सांध्यातून बाहेर फेकते. हातपंपाचा दट्ट्या हलावा तसा हा प्रकार असल्याने याला ‘पंपिंग’ असेच म्हणतात. प्रत्येक खेपेला चिमूटभर माती जाते, पण दिवसाला चाळीस खेपा झाल्या तर दोन-तीन पावसाळ्यांत कोपरा अधांतरी होतो. वेस्टरगार्डच्या स्प्रिंगाच तेथून गायब झालेल्या असतात.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून मोठी चाचणी घेण्यात आली. काँक्रीटचे रस्ते खराब होण्यामागे तेथेही पंपिंग हेच प्रमुख कारण आढळले. रस्त्याची झीज आसावरील वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, हा नियमही त्याच चाचणीतून आला. आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरच्या आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वजन सुमारे १३ टक्के वाढले, तर या नियमाने झीज सुमारे ६० टक्के वाढते.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत ही अडचण दुणावते. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ती काढून किंवा तिच्यात चुना मिसळून वर मुरूम, खडी आणि शक्यतो कमी सिमेंटच्या कोरड्या काँक्रीटचा थर दाबावा लागतो. अशा थरातून कण सुटत नाहीत. सांध्यांमध्ये गुळगुळीत गोल सळया, म्हणजे डॉवेल बार, आडव्या बसवतात. प्रत्येक सळईचे एक टोक काँक्रीटला न चिकटता सरकते राहते, कारण साडेचार मीटरचा स्लॅब ३० अंशांच्या तापमानफरकाने सव्वा मिलिमीटरच्या आसपास आखडतो वा पसरतो. ते अडवले तर स्लॅब दुसरीकडे तडकणारच. मात्र चाकाचे वजन या सळया शेजारच्या स्लॅबवर पोहोचवतात, त्यामुळे कड एकटी दबत नाही.

जाता जाता एक निरीक्षण नोंदवतो. या धक्क्याचे काँक्रीट मुहूर्त साधण्यासाठी एप्रिलमध्ये दुपारी बाराला सुरू केले होते. त्या उन्हात आणि वाऱ्यात पृष्ठावरचे पाणी उडून काँक्रीट घट्ट होण्याआधीच बारीक भेगा पडतात, आणि नारळ फोडल्याने बाष्पीभवनाचा वेग बदलत नाही. काँक्रीट ‘वाळत’ नसते. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते. म्हणून पहाटे काम करणे आणि किमान सात दिवस ओले गोणपाट ठेवणे हाच त्याचा शुभमुहूर्त.

परत त्या त्रिकोणी तुकड्याकडे. मी हातोडीने स्लॅब ठोकत गेलो. मध्यभागी टणक, भरीव आवाज येत होता. सांध्यापासून तीन-एक फुटांच्या पट्ट्यात मात्र मडक्यावर टिचकी मारल्यासारखा पोकळ. हा पट्टा धक्क्याच्या एकाच टोकाला होता, दुसऱ्या टोकाला त्याच ठेकेदाराचे, त्याच सळईचे काम शाबूत होते. मग मान वर केली. गोदामाच्या पत्र्यावरचे सगळे पाणी खाली आणणारा पाइप नेमका याच सांध्यावर सोडलेला होता.