सलग भूप्रवास (ऑनलाइन कल्पनारम्य खेळ)

सलग भूप्रवास : हजारो खेळाडू एकाच वेळी वावरतात अशा ऑनलाइन कल्पनारम्य खेळांत एका प्रदेशातून शेजारच्या प्रदेशात जमिनीवरून, मधला मुलूख तुडवत जाण्याची सोय. अशा प्रदेशाला खेळाडू ‘झोन’ म्हणतात. दोन झोन नकाशावर शेजारी दिसले म्हणजे ते सलग झाले असे नाही. एकाची पूर्व कड संपते तिथेच दुसऱ्याची पश्चिम कड सुरू व्हावी लागते आणि गेलेल्या माणसाला त्याच वाटेने परत येता यावे लागते. मंत्राने, दगडाला हात लावून किंवा नकाशावर बोट ठेवून थेट दुसरीकडे उगवणे म्हणजे टेलिपोर्ट. सलग भूप्रवासाचा इतिहास हा बराचसा टेलिपोर्टशी चाललेल्या ओढाताणीचा इतिहास आहे.

खानदेशात राहणाऱ्याला ही रचना पायाखालची आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. या खोऱ्यातून बाहेर पडायच्या वाटा पूर्वी मोजक्याच होत्या. धुळ्याहून शिरपूर, पळासनेर करत बिजासन घाटाने माळव्यात चढायचे, चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून मराठवाड्यात जायचे, नंदुरबार-नवापूरकडून सुरतेला उतरायचे, नाहीतर बऱ्हाणपुराजवळच्या खिंडीने उत्तरेला निघायचे. त्या शेवटच्या वाटेवर असीरगड बसला आहे. गडाला दख्खनचा दरवाजा म्हणत ते उगीच नाही : 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि फारुकी राजवट संपून खानदेश मोगली सुभा झाला. भुसावळहून खांडव्याला जाणारी रेल्वेही याच खिंडीतून काढावी लागली.

कल्पनेतला मुलूख रचणारे नेमके हेच करतात. दोन झोनच्या मध्ये डोंगराची रांग उभी करतात आणि तिच्यात एकच खिंड किंवा बोगदा ठेवतात. याचे पहिले कारण तांत्रिक. डोंगर आडवा आला की पलीकडचा मुलूख दिसत नाही, म्हणून तो संगणकाला रंगवावा लागत नाही. खिंडीला दोन-तीन वळणे दिली की तेवढ्या वेळात पुढच्या झोनची झाडे, घरे, प्राणी स्मृतीत भरून घेता येतात. दुसरे कारण मला जास्त मोलाचे वाटते. वाट अरुंद असली की माणसे तिथे भेटतात. तिथेच ठाणे बसते, बाजार भरतो आणि दबा धरणाराही तिथेच बसतो. माळरानावर शंभर वाटा असतील तर कोणीच कोणाला भेटत नाही.

अशा जगाचे दोन प्रकार पडतात. 1999 च्या मार्चमध्ये आलेल्या एव्हरक्वेस्टमध्ये प्रत्येक झोन स्वतंत्र होता. कड ओलांडली की पडदा पडायचा, लोडिंग (पुढचा झोन संगणकात भरणे) व्हायचे आणि मग पात्र पलीकडे उभे राहायचे. या तुटकपणातून एक गंमतशीर रिवाज रुजला. राक्षस मागे लागले की खेळाडू झोनच्या कडेकडे धूम ठोकायचे, कारण राक्षसांना कड ओलांडता येत नसे. मागे लागलेल्या झुंडीला ‘ट्रेन’ म्हणत आणि पळणारा ‘ट्रेन येतेय’ असा पुकारा करून कडेपाशी बसलेल्यांना सावध करी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या अ‍ॅशरन्स कॉलने डेरेथ नावाचा मुलूख न थांबता, कुठेही लोडिंगचा पडदा न येता चालता येईल असा करून दाखवला. 2004 च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने हाच दुसरा प्रकार घराघरांत नेला : एका खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड चाल, लोडिंग मुख्यतः खंड बदलताना, म्हणजे जहाजात किंवा झेपेलिनमध्ये (हवाई जहाजात).

नवख्याने मोठा मुलूख पायी पार करणे हा या खेळांतला खरा संस्कार होता. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात नाइट एल्फ जमातीचे पात्र घेतलेल्या खेळाडूला मानवांच्या स्टॉर्मविंड शहरातल्या मित्रांकडे जायचे असेल, तर ऑबरडीनच्या धक्क्यावर जहाजाची वाट पाहावी लागे. ते मेनेथिल बंदरात उतरवी. तिथून वेटलँड्सची दलदल सुरू. तिथली जनावरे 20 ते 30 लेव्हलची (लेव्हल म्हणजे ताकदीची पायरी), आणि हा जेमतेम दहाच्या आतला. खेळाचा नियम असा, की लेव्हलमधला फरक जितका मोठा तितक्या लांबून जनावर तुम्हाला हेरते. म्हणून रस्ता सोडायचा नाही, आणि रस्त्यावर मगर आडवी आलीच तर ती सरकेपर्यंत थांबायचे. मेले तर भूत होऊन स्मशानापासून आपल्या प्रेतापर्यंत चालत यायचे, जिवंत व्हायचे, पुन्हा पळायचे. पुढे डन अल्गाझची चढण आणि तिथल्या बोगद्यांत ऑर्क नावाचे शत्रू. तो टप्पा पार पडला की लॉक मोडानचे तळे, मग डन मोरोचा बर्फ, डोंगराच्या पोटातले आयर्नफोर्ज आणि तिथून स्टॉर्मविंडला नेणारी जमिनीखालची ट्राम. हा प्रवास केलेला खेळाडू वेटलँड्स कधी विसरत नाही. पुढच्या खेपेला तो ग्रिफिन या गरुडाचे तोंड-पंख आणि सिंहाचे अंग असलेल्या प्राण्याच्या पाठीवर बसून वरून गेला तरी खाली कुठली मगर कुठे बसते ते त्याला ठाऊक असते.

एव्हरक्वेस्टमधली केनोस ते फ्रीपोर्ट ही वाट याहून लांब. कराणाची माळराने, हायपास होल्डची खिंड, मग किथिकोरचे जंगल. किथिकोरमध्ये दिवसा जाणे बरे. रात्री तिथे प्रेते उठून हिंडत आणि त्यांच्यापुढे मुरलेल्यांचाही टिकाव लागत नसे. म्हणून प्रवासी जंगलाच्या कडेला उजाडायची वाट पाहत बसत, आणि तिथे बसल्या बसल्या ओळखी होत. रुनस्केपची (2001) तऱ्हा वेगळी. ब्राउझरमध्ये फुकट चालणारा हा खेळ साध्या संगणकावरही उघडे. त्यात धावण्याची ताकद ठरावीक असे आणि पाठीवर ओझे जास्त असेल तर ती लवकर संपे. मूळ खेळात अल खरीदच्या वेशीवर 10 नाण्यांचा टोल होता. व्हाइट वुल्फ डोंगर चढताना लांडगे मागे लागत, पण मासेमारीच्या स्पर्धेची मोहीम पूर्ण केली की बुटके डोंगराखालचा आपला बोगदा वापरू देत. वाट कमवावी लागते, ही कल्पना इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कोणी मांडली असेल.

अंतर असले की भावात फरक पडतो आणि भावात फरक पडला की व्यापार उभा राहतो. एव्हरक्वेस्टच्या पहिल्या काळात खेळाडूंनी स्वतःहून बाजार भरवला तो ईस्ट कॉमनलँड्सच्या बोगद्यात. कंपनीने तिथे काहीही बांधलेले नव्हते; येण्याजाण्याची वाट तिथून होती, एवढेच. डिसेंबर 2001 च्या विस्तारात (खेळाला जोडलेल्या नव्या भागात) खास बाजारपेठ आली, दुकान लावून निघून जायची सोय झाली आणि बोगदा ओस पडला. कोरियात 2013 साली सुरू झालेल्या आर्चएजमध्ये मालाचे गाठोडे पाठीवर घेतले की चाल मंदावे, टेलिपोर्ट बंद होई आणि वाटेत दुसरा खेळाडू माल लुटू शके. 2017 च्या अल्बियन ऑनलाइनमध्ये प्रत्येक शहराचा बाजार वेगळा आहे. थेट उडी मारायची तर सोबतच्या मालाचे पैसे मोजावे लागतात, म्हणून जड माल नेणारे ओझ्याचा बैल घेतात आणि झोनमागून झोन पार करत जातात. याच खानदेशातून लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत, मोगली फौजांनाही त्यांचाच आधार होता. अल्बियनमध्ये बैल हाकणारा मुलगा तोच हिशेब करत असतो : कुठे स्वस्त, कुठे महाग, आणि मध्ये धोका किती.

ही वाट बुजत गेली ती सोयीमुळे. एव्हरक्वेस्टमध्ये 2002 च्या विस्ताराने एक मध्यवर्ती नगर आणले. तिथे नेणारी पुस्तके जागोजागी ठेवली गेली आणि किथिकोरच्या कडेला थांबायचे कोणाला कारण उरले नाही. वॉरक्राफ्टमध्ये 2007 च्या जानेवारीत उडती वाहने आली, आधी फक्त नव्या मुलखात, मग 2010 मध्ये जुन्या खंडांवरही. डिसेंबर 2009 पासून गुहेतल्या मोहिमेसाठी सोबती शोधून देणारी यंत्रणा सगळ्यांना थेट गुहेत नेऊन सोडू लागली, तेव्हा गुहेपर्यंतचा रस्ताच खेळातून वजा झाला. रुनस्केपमध्ये 2012 साली लोडस्टोनचे, म्हणजे टेलिपोर्टच्या दगडांचे, जाळे आले. नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्याचा अर्धा तास चालण्यात जाऊ नये, हा सोयीच्या बाजूचा मुद्दा खरा आहे. पण त्याची किंमत मोठी पडते. जग मग एका चौकातून निघणाऱ्या दारांची यादी होऊन बसते; मधले झोन रिकामे पडतात आणि तिथे नवखा एकटाच उरतो.

यावरचा मला पटलेला तोडगा म्हणजे आधी पायी, मग वेगाने. वॉरक्राफ्टमधली उड्डाणाची ठाणी पहिल्यापासून अशीच होती : तिथवर एकदा चालत गेल्याशिवाय तो मार्ग खुला होत नसे. 2014 च्या विस्तारात तर उडण्यास बंदी होती आणि पुढच्या वर्षी ती उठवली तेव्हाही नव्या मुलखात आधी जमिनीवरून हिंडून शोध घेण्याची अट ठेवली. तिच्यावर भांडणे पुष्कळ झाली, पण अट योग्य होती असे माझे मत आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या खेळाडूंच्या हातात आज प्रामुख्याने मोबाइल आहे. जुन्या रूपातले रुनस्केप 2018 मध्ये आणि अल्बियन 2021 मध्ये मोबाइलवर आले. अल्बियनचा आशियाई सर्व्हर 2023 मध्ये सुरू झाल्यावर पिंगचा, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणाऱ्या उशिराचा, जाचही कमी झाला. लांबच्या वाटेवरची जोखीम मात्र इथे दुहेरी असते. ऐन उन्हाळ्यात वीज गेली, वाय-फाय बंद पडले आणि मोबाइलच्या नेटवर यायला वेळ लागला, तर पात्र लगेच नाहीसे होत नाही. काही काळ ते असेल तिथेच, मालासकट, उभे राहते. अल्बियनच्या लाल किंवा काळ्या झोनमध्ये, जिथे खेळाडू एकमेकांना मारून लुटू शकतात, तेवढा वेळ लुटारूला पुरतो आणि पडलेल्याचे सामान त्याच्या हाती लागते. म्हणून मुरलेले खेळाडू एकट्याने माल हलवत नाहीत. एक भिडू हलक्या, चपळ घोड्यावर एक झोन पुढे असतो आणि वेशीपलीकडे कोण उभे आहे ते बोलून कळवतो. बैलवाला त्याचा शब्द येईपर्यंत अलीकडच्या निर्धोक झोनमध्ये थांबतो.