संगणक आपत्ती पुनर्प्राप्ती योजना

संगणक व्यवस्था अचानक बंद पडल्यास कोणती कामे, कोणत्या क्रमाने, किती वेळात, कुठून आणि कोणी पुन्हा सुरू करायची, याची आधी ठरवून, लिहून आणि करून पाहिलेली तजवीज म्हणजे आपत्ती पुनर्प्राप्ती योजना. संगणक विभागात तिला ‘डिझास्टर रिकव्हरी’ किंवा नुसते ‘डीआर’ म्हणतात. या व्याख्येतले ‘करून पाहिलेली’ हे शब्द सर्वांत वजनाचे, आणि व्यवहारात गळतात तेही तेच. बॅकअप पुष्कळांकडे असतो. तो परत चढवला की धंदा चालू होतो का, हे मात्र अनेकांना व्यवस्था बसल्याच्या दिवशीच कळते.

व्यवसाय सातत्य योजना ही याहून मोठी गोष्ट. तिच्यात जागा, माणसे, पुरवठादार असे सगळे येते. डीआर हा तिचा संगणकापुरता भाग. सातत्य व्यवस्थापनासाठी ‘आयएसओ २२३०१’ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले आणि २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

गरज का वाढली

एके काळी संगणक हा हिशेबाचा मदतनीस होता. दिवसभराचे व्यवहार कागदावर होत आणि नंतर यंत्रात भरले जात. यंत्र दोन दिवस बसले तरी पावतीपुस्तक चालू राही. तरीसुद्धा १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना अडीअडचणीसाठी पर्यायी संगणक केंद्र भाड्याने देणारा धंदा उभा राहिला, म्हणजे धास्ती तेव्हाही होती. आज कागद मागे उरलेलाच नाही. मागणी, साठा, बिल, वसुली, पगार, कधी कधी इमारतीच्या दाराचे कुलूपसुद्धा त्याच व्यवस्थेला बांधलेले असते. ‘तोवर हाताने करू’ म्हणावे, तर कोणाकडून किती येणे आहे, कोणता माल कुठे ठेवला आहे, उद्या कोणाला काय पोचवायचे आहे, ही माहितीही आतच अडकलेली.

नुकसान तासागणिक सारखे वाढत नाही. पहिल्या तासात गिऱ्हाईक थांबते, चौथ्या तासाला दुसरीकडे जाते, दुसऱ्या दिवशी पगाराची किंवा कर भरण्याची तारीख चुकते, आठवडा उलटला की करारातले दंड लागू होऊ लागतात. हा चढ प्रत्येक धंद्यात वेगळ्या जागी येतो. आपला चढ कुठे आहे हे शोधणे, ही योजनेची पहिली पायरी; तिला व्यवसाय परिणाम विश्लेषण म्हणतात.

आपत्तीची कारणे

आपत्ती म्हटले की आग, पूर, भूकंप डोळ्यांसमोर येतात. ते घडते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण जळाली आणि दुसरीचा काही भाग गेला. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि ७०९ सरकारी संगणक प्रणाली थांबल्या. त्यांतील ‘जी-ड्राइव्ह’ या कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठ्यातला ८५८ टेराबाइट डेटा कायमचा गेला, कारण साठा फार मोठा म्हणून त्याचा बाहेर बॅकअपच घेतलेला नव्हता.

पण बऱ्याचदा व्यवस्था बसते ती किरकोळ वाटणाऱ्या कारणांनी. डिस्क निकामी होते, वीज जाते, अपडेट फसतो, कोणी तरी चुकीच्या खिडकीत आज्ञा टाइप करतो. लाखो डिस्क वापरणारी बॅकब्लेझ कंपनी आपली आकडेवारी प्रसिद्ध करते. तिच्यात वर्षाला साधारण दीड टक्क्याच्या आसपास डिस्क बिघडताना दिसतात. शंभर डिस्क असलेल्या व्यवसायाने वर्षाकाठी एखाददुसरी जाणारच, असे धरून चालावे.

ऑगस्ट २०१६ मध्ये डेल्टा एअरलाइन्सच्या अटलांटा येथील केंद्रात वीजपुरवठ्याच्या उपकरणात बिघाड झाला. पर्यायी वीज होती. पण सुमारे ७,००० पैकी ३०० घटक तिला जोडलेलेच नव्हते, हे तेव्हा उघड झाले. तीन दिवसांत दोन हजारांहून जास्त उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीला सुमारे १५ कोटी डॉलरचा फटका बसला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवत अडकले. ना आग, ना हल्ला, डेटाही शाबूत. दुरुस्ती माहीत होती, पण अनेक ठिकाणी ती प्रत्येक यंत्रासमोर बसून हातानेच करावी लागली. त्यातच डिस्क सांकेतिक कुलपात असेल तर उघडायला लांबलचक चावी लागते, आणि काही संस्थांच्या त्या चाव्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोही बंद पडलेलाच होता.

दोन मर्यादा

योजनेचा गाभा दोन आकड्यांत असतो. व्यवस्था जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिलेली चालेल, हा पहिला. त्याला ‘रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह’ म्हणतात. मागचा किती वेळाचा डेटा गेला तर सोसेल, हा दुसरा. तो ‘रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह’. पहिला आकडा घड्याळात पुढे मोजायचा, दुसरा मागे.

समजा, बॅकअप रोज पहाटे दोनला होतो आणि सर्व्हर दुपारी चारला गेला. बॅकअप अगदी चोख असला तरी चौदा तासांचे काम गेलेच. कागदी पावत्या असतील तर त्या पुन्हा भरता येतात. ऑनलाइन आलेल्या मागण्यांची पावती कुठेच नसते. पैसे बँकेत जमा, मागणी मात्र गायब. याहून फसवी गोष्ट क्रमांकांची. बॅकअप परत चढवल्यावर, म्हणजे रिस्टोअर केल्यावर, बिलांचा क्रमांक पहाटेच्या जागी परत येतो आणि सकाळी एकाला दिलेले क्रमांक संध्याकाळी दुसऱ्यालाच दिले जातात. महिन्याने तक्रार येते तेव्हा एकाच क्रमांकाची दोन बिले समोर असतात आणि दोन्ही खरी. म्हणून सराईत माणसे रिस्टोअरनंतर क्रमांक मुद्दाम काही हजारांनी पुढे ढकलतात. असला एक ओळीचा मुद्दा योजनेत असला की ती लिहिणाऱ्याने काम जवळून पाहिले आहे हे ओळखावे.

हे दोन आकडे ठरवणे संगणक विभागाचे काम नाही, धंदा चालवणाऱ्यांचे आहे. ‘सगळे लगेच सुरू झाले पाहिजे आणि काहीच जाता कामा नये’ हे उत्तर बैठकीत हमखास मिळते. त्याचा खर्च मांडला की आकडे आपोआप खाली येतात. सगळ्या प्रणालींना एकच मर्यादाही नको. वसुली दोन तासांत हवी, रजेचे अर्ज आठवडाभर थांबू शकतात.

बॅकअप म्हणजे पुनर्प्राप्ती नव्हे

या फरकाचे सर्वांत उघड उदाहरण गिटलॅब या कंपनीचे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री दुय्यम डेटाबेस दुरुस्त करता करता एका अभियंत्याने पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. चूक एक-दोन सेकंदांत ध्यानात आली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. मग एकेक बॅकअप उघडून पाहिला गेला. रोजच्या प्रतींची जागा रिकामी निघाली, कारण प्रत काढणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा होता आणि कित्येक दिवस अपयशी ठरत होता. अपयशाची ईमेल जायला हवी होती. ती पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून परत फिरत होती. शेवटी उपयोगी पडली ती सहा तास आधी त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत. तीही मंद डिस्कवर होती, त्यामुळे सेवा सुरू व्हायला साधारण १८ तास लागले. कंपनीने हे सारे लपवले नाही, दुरुस्तीचे थेट प्रक्षेपणही केले; म्हणून आज एवढा तपशील उपलब्ध आहे.

वेगाचा हिशेब कागदावरही करता येतो, तरी तो क्वचितच होतो. १० टेराबाइट डेटा सेकंदाला १ गिगाबिटच्या जोडणीवरून आणायला, वाटेत काहीही न अडता, २२ तास लागतात. जोडणी १०० मेगाबिटची असेल तर नऊ दिवस. योजनेत ‘चार तासांत सुरू’ असे लिहिले असेल तर ते वाक्य तिथेच खोडावे.

एकच डेटा दोन डिस्कवर एकदम लिहिणारी आरसा-डिस्क किंवा दुसऱ्या सर्व्हरवर क्षणोक्षणी होणारी नक्कल, म्हणजे रेप्लिकेशन, हा यंत्र बिघडण्यावरचा उपाय आहे. मुख्य ठिकाणी चुकून पुसलेले ती नक्कल इमानेइतबारे दुसरीकडेही पुसते. त्यामुळे जुन्या वेळच्या प्रती वेगळ्या ठेवाव्याच लागतात. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्यामुळे रूढ झालेला ‘३-२-१’ नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. अलीकडे त्यात आणखी एका प्रतीची भर पडली आहे. ती एक तर जाळ्यापासून तोडलेली असावी, नाही तर ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही, अगदी व्यवस्थापकालाही, बदलता न येणारी असावी.

हल्लेखोर बॅकअपच शोधतो

ही भर खंडणीखोर सॉफ्टवेअरमुळे, म्हणजे रॅन्समवेअरमुळे, पडली. हल्लेखोर आत शिरल्यावर आधी बॅकअप हुडकतो, कारण बॅकअप असला की खंडणी मिळत नाही. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्याचा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या यंत्रांचा, ताबा हल्लेखोराकडे गेला. त्याने पैसे मागितले, आणि कंपनी खाते परत घेऊ पाहते आहे हे दिसताच बहुतेक डेटा आणि बॅकअप दोन्ही पुसले; दोन्ही एकाच खात्यात होते. कंपनी बंद झाली.

मर्स्क या जहाज कंपनीचे उदाहरण वेगळ्या अंगाने पाहण्यासारखे आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम तिच्या जाळ्यात पसरला. अनेक सर्व्हरचे बॅकअप होते. पण कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर एकमेकांची नक्कल करत, आणि तोच आपला बॅकअप असे गृहीत धरलेले. हल्ल्यात सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे तो जाळ्याबाहेर होता. त्या एका यंत्रातल्या माहितीवरून सगळे पुन्हा उभारण्यात आले: दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

पर्यायी केंद्र

मुख्य केंद्रच वापरता येत नसेल तर काम कुठून चालवायचे, याचे रूढ प्रकार तीन. ‘हॉट साइट’वर सर्व्हर चालू आणि डेटा ताजा असतो, ‘वॉर्म साइट’वर यंत्रे असतात, डेटा चढवावा लागतो, ‘कोल्ड साइट’ म्हणजे वीज, थंडावा आणि रिकामी जागा. क्लाउडमुळे मधली वाट स्वस्त झाली, कारण यंत्रे लागतील तेव्हाच भाड्याने घेता येतात. मात्र क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे, ही समजूत महागात पडते. सेवा चालू ठेवणे पुरवठादाराचे काम. आपला डेटा सांभाळणे बहुतेक करारांत ग्राहकाच्याच माथी असते.

लिहिलेली योजना

चांगली योजना जाडजूड नसते. आपत्ती जाहीर करण्याचा अधिकार कोणाला, हे तिच्या पहिल्या पानावर हवे. तो माणूस रजेवर असेल तर दुसरे नावही. हे ठरलेले नसले की ‘अजून अर्धा तास पाहू’ म्हणत रात्र जाते. मग सुरू करण्याचा क्रम: आधी जाळे आणि नावांचे पत्ते सांगणारी डीएनएस, मग लॉगिन, मग डेटाबेस, शेवटी रोजच्या वापराचे प्रोग्रॅम. क्रम चुकला तर प्रोग्रॅम सुरू होतो, पण आत कोणालाच शिरता येत नाही. पुढे दूरध्वनी क्रमांक, परवान्यांच्या चाव्या, पासवर्ड कुठे आहेत याची नोंद, आणि ग्राहकांना काय सांगायचे त्याचा मसुदा.

हे सगळे कागदावर छापून, इमारतीबाहेरही ठेवलेले असावे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका आज्ञेने फेसबुकची केंद्रे एकमेकांपासून तुटली आणि सेवा सुमारे सहा तास बंद राहिली. दुरुस्तीची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर असल्याने ती चालेनात. अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले आणि तिथल्या कडक सुरक्षेतून आत पोचण्यात वेळ गेला.

वित्तीय संस्थांना बऱ्याच देशांत अशी योजना ठेवणे बंधनकारक आहे. युरोपीय संघात १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला ‘डोरा’ हा कायदा योजनेबरोबर तिची नियमित चाचणीही मागतो.

सराव

सरावाची सर्वांत हलकी पद्धत म्हणजे टेबलाभोवती बसून ‘समजा, आत्ता सर्व्हर गेला’ असे म्हणत योजना वाचत जाणे. यातही दोन-तीन जुने फोन नंबर आणि नोकरी सोडून गेलेला एखादा जबाबदार माणूस सापडतोच. पुढची पायरी, एक प्रणाली रिकाम्या यंत्रावर प्रत्यक्ष रिस्टोअर करणे. ज्याने ती उभारली त्याने नव्हे, दुसऱ्याने, फक्त लिहिलेली पाने हातात घेऊन. तो जिथे अडून विचारायला उठतो, तिथे पानावर काहीतरी राहिलेले असते. संपूर्ण डीआर ड्रिलमध्ये खरे काम काही तास किंवा दिवस पर्यायी केंद्रावरून चालवतात. ते जोखमीचे असते, म्हणून टाळले जाते. सुट्टीच्या दिवशी, कोणी वापरत नसताना केलेल्या ड्रिलमध्ये खऱ्या भाराची परीक्षा होत नाही.

परत मुख्य केंद्रावर येणे, म्हणजे फेलबॅक, हा तर निम्म्या योजनांत नसतोच, असे ही कामे करणारे सांगतात. पर्यायी केंद्रावर चार दिवस काम झाले की नवा डेटा तिथे साठतो आणि मुख्य केंद्रावर चार दिवसांपूर्वीचा जुना पडून असतो. घाईत कोणी जुने केंद्र चालू केले, काही विभाग इकडे तर काही तिकडे नोंदी करू लागले, की एकाच ग्राहकाची दोन खाती वेगवेगळ्या वाटांनी पुढे सरकतात. मग नोंद न् नोंद ताडून ती एकत्र करण्यात जे दिवस जातात, ते मूळ बिघाडापेक्षाही जास्त असू शकतात. म्हणून परतीच्या दिवशी जुने केंद्र आधी वाचनापुरते उघडतात, डेटा उलट दिशेने आणून दोन्हीकडच्या बेरजा जुळवतात आणि त्या जुळल्यावरच नोंदींची दारे इकडे उघडतात.