हेलपाटा वाचवणारा बीएमसी

संभाजीनगरात बसून नांदेड-लातूरच्या शाखांतले सर्व्हर सांभाळायचे, तर नुसतं पॉवरचं बटण दाबायला चार-पाच तासांचा हेलपाटा पडतो. तो वाचवतो बीएमसी, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर: नेटवर्कवरून दुरूनच सर्व्हर चालू-बंद करू देणारा. (मुंबईच्या महापालिकेशी संबंध नाही.) मदरबोर्डवरचा हा छोटा संगणक स्टँडबाय विजेवर चालतो, सर्व्हर बंद असला तरी प्लगमध्ये वीज आहे तोवर जागा. यूपीएस संपला की तोही गप्प.

पूर्वी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी आयपीएमआय (इंटेलिजंट प्लॅटफॉर्म मॅनेजमेंट इंटरफेस) हे बीएमसीशी बोलण्याचं सामाईक मानक आणलं. नेटवर्कवरून आज्ञा देण्याची सोय २००१ च्या १.५ आवृत्तीत आली, एन्क्रिप्शन २००४ च्या २.० मध्ये. खोट राहिली ती इथेच. लॉगिन पूर्ण होण्याआधीच बीएमसी पासवर्डपासून बनवलेला हॅश (गणिती ठसा) विचारणाऱ्याच्या हाती देतो. तो नेऊन, एकेक पासवर्ड ताडून पाहत निवांत फोडता येतो. २०१३ मध्ये हे चव्हाट्यावर आलं. दोष मानकातच आहे, त्यामुळे फर्मवेअर बदलून जात नाही. पासवर्ड लांब, जमल्यास पूर्ण २० अक्षरांचा ठेवावा आणि आयपीएमआयचा यूडीपी ६२३ पोर्ट इंटरनेटला कधीच उघडा नसावा. २०१५ मध्ये आलेल्या रेडफिश या याच कामाच्या नव्या मानकावर काम भागत असेल, तर नेटवर्कवरचं आयपीएमआय बंदच करावं.

'रूट-कॅल्विन' ही डेलची आणि 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' ही सुपरमायक्रोची मूळ यूजरनेम-पासवर्डची जोडी वर्षानुवर्षे सगळ्यांना पाठ होती. असे सरसकट एकच मूळ पासवर्ड रोखणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० ला लागू झाला, तेव्हापासून सुपरमायक्रो प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देते. तो स्टिकरवर असतो. रॅकमध्ये चढवण्याआधी फोटो काढावा.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो लाइट आल्यावर. सुपरमायक्रोत बीएमसीच्या लॅनची मूळ सेटिंग 'फेलओव्हर' असते: उठताना बीएमसीला स्वतःच्या पोर्टवर लिंक दिसली नाही, तर तो सर्व्हरसोबत सामाईक असलेल्या पहिल्या पोर्टवर जातो. स्विच सावकाश उठला की बीएमसी चुकीच्या नेटवर्कवर जाऊन बसतो. सेटिंग 'डेडिकेटेड' करावी. वीज परतल्यावर सर्व्हरने बंद राहायचं, पूर्वस्थितीला यायचं की सुरूच व्हायचं, हेही ठरवावं. लाइट ये-जा करत असेल, तर सुरू होण्याआधी विलंब द्यावा.

चाचणी शाखेत असतानाच, दुसऱ्या सबनेटवरून (नेटवर्कच्या वेगळ्या भागातून) करावी. सर्व्हर बंद करून बीएमसीचं पान उघडतं का, कन्सोलवरून (दुरून दिसणाऱ्या सर्व्हरच्या स्क्रीनवरून) बायोसपर्यंत जाता येतं का, घड्याळ बरोबर आहे का, ते पाहावं. मग पॉवर सप्लायच्या दोन्ही वायर काढून, अर्धं मिनिट थांबून परत लावाव्यात. बीएमसीला उठायला एक-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात घाबरून पुन्हा वायर उपटू नये.