रेअर म्हणजे नक्की काय? होमब्रू जादुई शस्त्रांच्या मोजमापाची पार्श्वभूमी

स्वतः रचलेली, म्हणजे होमब्रू, तलवार टेबलावर आणली की डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) पहिला प्रश्न ठरलेला: रेअरिटी (कॉमन, अनकॉमन, रेअर अशी पायरी) काय लावली आहेस? तलवार काय करते, हे त्यानंतर. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या भूमिका-खेळाला पन्नास वर्षं होऊन गेली, पण शस्त्र रेअरिटीच्या काट्यावर तोलायची सवय तशी अलीकडची. ती रुळली २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत, आणि तिच्यातला घोळही तिथूनच आला.

त्याआधी काटे वेगळे होते. १९७४ च्या मूळ तीन पुस्तिकांत जादुई तलवार फक्त फायटरने (लढवय्या पात्राने) वापरायची. जादूगाराच्या मंत्रांसमोर फायटरला काहीतरी हवं, हा त्यामागचा तोल. शिवाय त्या तलवारींना बुद्धी आणि अहंकार असायचा, त्यामुळे फार ताकदवान तलवार मालकालाच आपल्या तालावर नाचवू शकायची. १९७९ च्या डीएम मार्गदर्शिकेत प्रत्येक वस्तूपुढे अनुभवगुण आणि सोन्यातली किंमत छापलेली होती, मात्र ते आकडे कसे काढायचे याचं सूत्र नव्हतं. नवीन शस्त्राची किंमत डीएमने अंदाजानेच लावायची. सढळ हाताने लूट वाटणाऱ्या टेबलांना 'माँटी हॉल' (बक्षिसं वाटणाऱ्या टीव्ही कार्यक्रमाचा सूत्रधार) म्हणून चिडवणं त्याच दशकातलं.

सूत्र आलं २००० साली, तिसऱ्या आवृत्तीत. वाराच्या फाशात आणि मारात शस्त्र जेवढी भर घालतं तो बोनस, आणि त्याचा वर्ग गुणिले २,०००: प्लस वन २,००० सुवर्णमुद्रा, प्लस टू ८,०००, प्लस फाइव्ह ५०,०००. आग, थंडी, वीज असे गुणही 'इतक्या बोनसच्या बरोबरीचे' म्हणून त्याच गणितात बसवले. ज्वाळांचा गुण असलेली प्लस वन लाँगसोर्ड ८,३१५ ला पडायची, आणि त्यातले शेवटचे पंधरा साध्या तलवारीचे. होमब्रू करणाऱ्याला इतका स्वच्छ हिशेब पुन्हा कधी मिळाला नाही, असं मी म्हणेन. अर्थात सूत्र उघडं असलं की त्यातली भोकंही उघडी असतात. बोनस काय, मंत्राने तात्पुरता चढवता येतो, मग विकत घ्यायचे ते आग-थंडी-वीज हेच गुण, ही युक्ती तेव्हाच्या प्रत्येक हिशेबी खेळाडूला पाठ होती.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने किंमतीचं सूत्र बाजूला ठेवून वस्तूंनाच १ ते ३० लेव्हल दिल्या. अमुक लेव्हलच्या पात्राकडे अमुक बोनस असणार, हे राक्षसांच्या आकड्यांतही गृहीत धरलेलं होतं. तोल चोख, पण तलवार सापडण्यातली मजा गेली. बोनस म्हणजे वेळेवर येणारी पगारवाढ झाली.

आता खरी गाठ. २०१० मध्ये त्याच आवृत्तीत कॉमन, अनकॉमन, रेअर हे शब्द आणले गेले, आणि तिथे त्यांचा अर्थ सरळ होता: वस्तू किती सहज मिळते. कॉमन असेल तर विकत घ्या किंवा बनवा. रेअर असेल तर डीएम देईल तेव्हाच. ताकद सांगायला लेव्हल होतीच. चार वर्षांनी पाचव्या आवृत्तीत लेव्हल काढून टाकली आणि रेअरिटी ठेवली. दोन मापांपैकी एक गेलं आणि उरलेल्याच्या गळ्यात दोघांचं काम पडलं. वस्तू किती मिळते, किती ताकदवान आहे, कितव्या लेव्हलला द्यावी आणि केवढ्याला विकावी, या चारही प्रश्नांचं उत्तर एकच शब्द देऊ लागला.

मराठीत 'दुर्मिळ' म्हणून पाहा, घोळ लगेच उघडा पडतो. आजोबांच्या पेटीतलं दुर्मिळ नाणं कुणी बलवान म्हणत नाही.

आकड्यांत बघू. पाचव्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंग्थचा बोनस चार, एका हातात लाँगसोर्ड, समोर एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५. साधी तलवार ६५ टक्के वेळा लागते आणि क्रिटिकल (फाशावर वीस पडल्यावरचा जादा मार) सोडून दर वाराला सरासरी साडेपाच डॅमेज देते. प्लस टू तलवार रेअर आहे: ७.९. प्लस थ्री व्हेरी रेअर: ९.२. आणि फ्लेम टंग (पेटवली की आगीचा जादा मार देणारी तलवार), जी प्लस टूच्याच रांगेत रेअर म्हणून बसली आहे: १०.१. म्हणजे एक पायरी वरच्या शस्त्रापेक्षाही जास्त.

बचाव करणारे म्हणतात, फ्लेम टंगला अट्यूनमेंट (पात्राने वस्तूशी जुळवून घेणं, तेही एका वेळी तीनच वस्तूंशी) लागतं, ती पेटवायला बोनस ॲक्शन (पाळीतली एकच जादा कृती) जाते आणि आगीला दाद न देणारे राक्षस ढिगाने आहेत. मुद्दे खरे आहेत. पण अट्यूनमेंटच्या तीन जागा पाचव्या लेव्हलच्या किती फायटरांच्या भरलेल्या असतात? मी स्वतः फ्लेम टंग समोर ठेवून थंडीची तलवार रचली, अट्यूनमेंटची अट औदार्याने काढली आणि वर बिनधास्त 'रेअर' लिहिलं. तीन सेशन्समध्ये ती तलवार चोरीला घालवावी लागली. चोराला पकडायला पार्टीने पुढचे दोन महिने घालवले, ते वेगळंच.

दुसरी बाजू बोनसची. पाचव्या आवृत्तीत प्रोफिशियन्सी (लेव्हलसोबत वाढणारी फाशावरची भर) वीस लेव्हलमध्ये दोनवरून सहावर जाते, म्हणजे जेमतेम चारने वाढते. टरास्क या महाराक्षसाचा एसीदेखील २५ वरच थांबतो. अशा आखूड पट्टीवर प्लस थ्री म्हणजे अख्ख्या कारकिर्दीतल्या वाढीचा पाऊण हिस्सा. 'जादुई वस्तू गणितात धरलेल्याच नाहीत' ही रचनाकारांची तेव्हाची भूमिका होमब्रूवाल्यांना मोकळीक वाटली. खरं तर बोनस देणं त्यामुळे जास्तच महाग झालं. शिवाय साध्या शस्त्रांचा मार निम्मा करणारे राक्षस पुस्तकात भरपूर होते, तेव्हा गणितात नसलेली जादुई तलवार व्यवहारात लागायचीच.

२०१६ पासून होमब्रू अधिकृत परवानगीने विकायची सोय झाली आणि शस्त्राच्या नावाखालची ती तिरकी ओळ (प्रकार, रेअरिटी, अट्यूनमेंट) जवळपास सक्तीची झाली. त्या ओळीत 'रेअर' लिहिणाऱ्या दोघांच्या मनात एकच अर्थ असेल याची खात्री नाही.

पाचव्या आवृत्तीच्या सुधारित नियमांत निम्म्या माराची ती तरतूद २०२५ च्या राक्षसग्रंथातून गेली, त्यामुळे प्लस वनचं 'किल्ली' म्हणून असलेलं महत्त्व संपलं. रेअरिटी मात्र तशीच राहिली. उलट २०२४ च्या मार्गदर्शिकेने तिला ठोक भाव जोडले: अनकॉमन ४००, रेअर ४,०००, व्हेरी रेअर ४०,०००, आणि वर साध्या शस्त्राची किंमत. तेव्हा आज दुकानात प्लस टू लाँगसोर्ड ४,०१५ ला, फ्लेम टंगही ४,०१५ ला, आणि डॅमेजमध्ये तिच्या मागे पडणारी प्लस थ्री ४०,०१५ ला.