वेदरायझेशन : कामगारांचे प्रशिक्षण व तांत्रिक साहाय्य (अमेरिका)

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरे थंडी, वारा व उकाडा यांपासून राखावीत आणि त्यांचे इंधन-विजेचे बिल कमी व्हावे, म्हणून अमेरिकेत सरकारी खर्चाने घरांची जी विनामूल्य दुरुस्ती केली जाते, तिला वेदरायझेशन म्हणतात. १९७६ च्या ऊर्जाबचतविषयक कायद्याने ‘वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम’ ही देशव्यापी योजना सुरू झाली व पुढे ती ऊर्जा विभागाकडे आली. विभाग राज्यांना निधी देतो, राज्ये तो सुमारे ७०० स्थानिक संस्थांना वाटतात आणि या संस्था आपल्या पथकांकडून किंवा ठेकेदारांकडून काम करून घेतात. वृद्ध, अपंग आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांना अग्रक्रम मिळतो. या साखळीतील शेवटच्या माणसाला, म्हणजे माळ्यावर सरपटत जाऊन फटी बुजवणाऱ्या कामगाराला, त्याचे काम शास्त्रशुद्ध रीतीने शिकवणे व पुढेही त्याच्या अडचणी सोडवत राहणे, यासाठी योजनेत ‘प्रशिक्षण व तांत्रिक साहाय्य’ हा खर्चाचा वेगळा भाग ठेवलेला आहे.

हा भाग वरकरणी प्रशासकीय वाटतो. प्रत्यक्षात योजनेचे यश आणि घरातील माणसांचा जीव या दोन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात. अर्धवट समजुतीने घट्ट बंद केलेले घर उघड्या-वाघड्या घरापेक्षा धोकादायक ठरू शकते.

पार्श्वभूमी

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाचे भाव भडकले आणि उत्तरेकडील राज्यांत गरीब कुटुंबांचे हिवाळ्यात हाल होऊ लागले. मेन राज्यातील स्थानिक संस्थांनी घरे ‘हिवाळ्याजोगी’ करण्याचे जे प्रयत्न केले, त्यांतून राष्ट्रीय योजनेला वाट मिळाली. सुरुवातीचे काम तात्पुरते होते. खिडक्यांना प्लास्टिकचा कागद लावायचा, दारांच्या कडांना पट्ट्या चिकटवायच्या, दिसतील त्या फटी बुजवायच्या. करणारे बहुतेक स्वयंसेवक किंवा ‘सेटा’ या सरकारी रोजगार योजनेतून आलेले बेरोजगार तरुण असत. मन लावून काम करणारी ही माणसे होती. पण घरातली ऊब नेमकी कुठून निसटते, हे तेव्हा फारसे कोणालाच ठाऊक नव्हते.

ते कोडे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुटू लागले. न्यू जर्सीमधील ट्विन रिव्हर्स वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी घरांची मोजमापे घेतली, तेव्हा खिडक्या-दारांच्या फटींइतक्याच, किंबहुना त्यांहून मोठ्या, चोरवाटा भिंतींच्या पोकळीत, नळांच्या व धुराड्याच्या भोवती आणि माळ्याच्या तळाशी सापडल्या. आपल्याकडच्या विटांच्या भरीव भिंतींची सवय असलेल्या वाचकाला हे चटकन लक्षात येणार नाही. अमेरिकेतील बहुतेक घरे लाकडी चौकटीची असतात. त्यांच्या भिंती आतून पोकळ असतात आणि जुन्या बांधणीत ही पोकळी तळघरापासून थेट माळ्यापर्यंत जाते. गरम हवा हलकी होऊन वर चढते, माळ्यातून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत ओढली जाते. त्यामुळे खिडकीपाशी झोंबणाऱ्या वाऱ्याचे मूळ बऱ्याचदा माळ्यावर असते. नव्या कामगाराला हीच गोष्ट पहिल्यांदा शिकवावी लागते, आणि ती सहजासहजी पटत नाही.

याच सुमारास स्वीडनमध्ये वापरात आलेले एक साधन अमेरिकेत पोहोचले. त्याचे नाव ब्लोअर डोअर. घराच्या दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतात आणि आतली हवा बाहेर खेचून आत-बाहेर ५० पास्कलचा दाबफरक निर्माण करतात. तेवढा फरक टिकवायला मिनिटाला किती घनफूट हवा खेचावी लागते, त्यावरून घराची गळती कळते. पंखा चालू असताना घरभर हात फिरवला, की चोरवाटा तळव्याला जाणवतात. या साधनाने कामाचे स्वरूपच पालटले. आता कामगाराला दाबमापक वाचता येणे, आकडे पडताळणे आणि त्यांचा अर्थ लावणे आवश्यक झाले, आणि मजुरीचे काम कसबाचे झाले.

काय शिकवले जाते

प्रशिक्षणाच्या मुळाशी एकच धडा आहे : घर ही एक सलग व्यवस्था आहे, एका जागी केलेला बदल दुसऱ्या जागी उमटतो. याचे सर्वांत गंभीर उदाहरण धुराड्याचे. जुन्या घरांच्या तळघरात गॅसवर चालणारे पाणी तापवण्याचे यंत्र किंवा फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, असते आणि त्याचा धूर गरम असल्यामुळे आपोआप वर जातो. स्वयंपाकघरातला व न्हाणीघरातला पंखा आणि कपडे वाळवण्याचे यंत्र मात्र घरातली हवा बाहेर टाकत असतात. फटी बुजवण्यापूर्वी ही तूट फटींतून भरून निघत होती. त्या बुजल्यावर ती तूट भरायला बाहेरची हवा धुराड्यातून खाली ओढली जाऊ शकते आणि तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ‘सर्वांत वाईट स्थितीची’ चाचणी घेतात : सगळे पंखे चालू करायचे, दारे जास्तीत जास्त ओढ निर्माण होईल अशी उघडायची किंवा लावायची आणि धूर वर जातो का ते पाहायचे. ज्या दिवशी घर घट्ट करण्याचे काम झाले, त्या दिवसाअखेर ही चाचणी पुन्हा करावी लागते. थकलेल्या पथकाने ती टाळू नये, ही सवय अंगी बाणवणे हे प्रशिक्षकाचे खरे काम होय. घर घट्ट झाल्यावर ताजी हवा किती हवी, हे ठरवण्यासाठी ‘ॲश्रे ६२.२’ या मानकाप्रमाणे हिशेब करून गरज असेल तिथे यांत्रिक वायुवीजन बसवतात.

हातकामातही बारकावे आहेत. पोकळ भिंतीत उष्णतारोधक म्हणून सेल्युलोज भरतात. ते मुख्यतः रद्दी वर्तमानपत्रांपासून केलेले आणि आगीला विरोध करणारी द्रव्ये मिसळलेले असते. बाहेरचे आवरण अलगद काढून भोक पाडायचे, नळी पोकळीच्या टोकापर्यंत सरकवायची आणि माल दाबून भरत ती हळूहळू मागे घ्यायची. घनफुटामागे सुमारे साडेतीन पौंड माल बसला पाहिजे. सैल भरला तर काही वर्षांत तो खाली बसतो आणि वरचा भाग पुन्हा थंड पडतो. दाब फार झाला तर भिंतीचा आतल्या बाजूचा तक्ता फुगतो किंवा फुटतो. नळीच्या आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या ओढीवरून भिंत भरल्याचे अनुभवी कामगाराला कळते. किती पोती लागायला हवी होती आणि किती लागली, याचा हिशेबही त्याला ठेवावा लागतो. अनेक प्रशिक्षण केंद्रांत सरावाच्या भिंतीची एक बाजू पारदर्शक असते, म्हणजे माल कसा बसतो हे डोळ्यांना दिसते. भरून झाल्यावर इन्फ्रारेड कॅमेऱ्याने राहिलेल्या पोकळ्या शोधतात. फिरत्या घरांचे, म्हणजे कारखान्यात तयार करून आणलेल्या हलक्या घरांचे, तंत्र निराळे असते. त्यांच्या पोटाखाली शिरून काम करावे लागते.

१९७८ पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरावी लागते. खरवडताना उडालेली धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, म्हणून काम करताना जागा झाकून घेणे आणि नंतर ओल्या फडक्याने पुसून काढणे यांचे स्वतंत्र शिक्षण सक्तीचे आहे. ॲस्बेस्टस, बुरशी, जुन्या पद्धतीच्या उघड्या तारा, अरुंद जागेत व उन्हाळ्यात माळ्यावर काम करताना घ्यायची काळजी हे विषयही असतात. शिवाय परक्याच्या घरात, अनेकदा एकट्या वृद्धाच्या घरात, कसे वागावे आणि त्याला त्याच्याच घराविषयी काय समजावून सांगावे, हेही शिकवतात.

घर तपासणाऱ्याला, म्हणजे एनर्जी ऑडिटरला, आणखी एक कौशल्य लागते. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने या योजनेसाठी तयार केलेल्या ‘वेदरायझेशन असिस्टंट’ संगणकप्रणालीत तो घराची मापे भरतो. एखाद्या उपायाने त्याच्या आयुष्यभरात होणारी बचत खर्चाइतकी तरी भरली, तरच तो उपाय ऊर्जाबचतीच्या निधीतून करता येतो. या कसोटीवर नव्या खिडक्या क्वचितच टिकतात. घरमालकाला मात्र बहुधा खिडक्याच हव्या असतात. त्याला हे न दुखावता पटवून देणे अवघड असते.

२००९ चा धडा

आर्थिक मंदीवर उपाय म्हणून २००९ च्या कायद्याने या योजनेला एकदम सुमारे ५ अब्ज डॉलर मिळाले. घरामागील सरासरी खर्चाची मर्यादा ६,५०० डॉलरपर्यंत वाढली, दारिद्र्यपातळीच्या २०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबे पात्र ठरली आणि प्रशिक्षण व तांत्रिक साहाय्यावरील खर्चाची कमाल मर्यादा १० वरून २० टक्के करण्यात आली. हजारो नवी माणसे कामावर घेतली गेली. माणसे भराभर मिळाली, पण कसब तितक्या वेगाने येत नाही. ऊर्जा विभागाच्या महानिरीक्षकांच्या २०१० च्या एका अहवालानुसार इलिनॉय राज्यात पाहणी केलेल्या १५ पैकी १२ घरांचे काम निकृष्ट म्हणून नापास झाले. पुढे तो निधी संपत आला आणि २०१२ मध्ये वार्षिक तरतूद ६.८ कोटी डॉलरवर घसरली. शिकून तयार झालेली कितीतरी माणसे पांगली. निधीच्या अशा चढउतारामुळे प्रशिक्षणावरचा खर्च वाया जातो, ही या योजनेची जुनी आणि अजून न मिटलेली व्यथा आहे.

या अनुभवातून मानके पक्की झाली. राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या मदतीने ‘स्टँडर्ड वर्क स्पेसिफिकेशन्स’ तयार झाली. प्रत्येक काम पूर्ण झाल्यावर कसे दिसले पाहिजे, हे त्यांत सांगितलेले आहे. इन्स्टॉलर, मुकादम, ऑडिटर आणि गुणवत्ता निरीक्षक अशा चार भूमिकांसाठी कामांचे विश्लेषण करून प्रमाणपत्रे आखली गेली. ती ‘बिल्डिंग परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट’ देऊ लागली. २०१५ पासून पूर्ण झालेले प्रत्येक घर प्रमाणित गुणवत्ता निरीक्षकाने तपासल्याशिवाय ते योजनेच्या हिशेबात धरले जात नाही. प्रशिक्षणाचेही दोन प्रकार ठरले : मान्यताप्राप्त केंद्रात घ्यायचे, त्या-त्या भूमिकेचे संपूर्ण शिक्षण आणि एखाद्याच विषयावरचे छोटे शिक्षण. पेनसिल्व्हेनियात विल्यम्सपोर्ट, व्हर्जिनियात क्रिश्चन्सबर्ग, माँटानात बोझमन अशा ठिकाणी या क्षेत्रातील जाणती केंद्रे उभी राहिली.

तांत्रिक साहाय्य

वर्गातले शिक्षण संपले तरी प्रश्न संपत नाहीत. राज्याचे निरीक्षक संस्थांना भेटी देतात, झालेली काही घरे पुन्हा तपासतात, आणि एकच चूक वारंवार दिसली तर त्या विषयाचे प्रशिक्षण लावतात. देखरेख आणि शिकवणे यांची ही सांगड योजनेतील सर्वांत उपयुक्त गोष्टींपैकी आहे. जिथे निरीक्षक केवळ दोष टिपून निघून जातो, तिथे काम सुधारत नाही. राज्ये आपापल्या हवामानाला व घरांच्या प्रकारांना धरून सचित्र क्षेत्रपुस्तिका काढतात. राज्यांच्या अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना माहितीची देवाणघेवाण घडवते.

२०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने योजनेला आणखी ३.५ अब्ज डॉलर मिळाले आणि प्रशिक्षित माणसांचा तुटवडा पुन्हा ठळक झाला. त्याच सुमारास दुसऱ्या एका अडचणीकडेही लक्ष गेले. छप्पर गळते आहे, पाया खचला आहे किंवा तारा धोकादायक आहेत अशा घरांत काम सुरूच करता येत नाही आणि सर्वांत गरजू कुटुंबेच मागे राहतात. अशी घरे आधी कामाजोगी करण्यासाठी २०२२ पासून वेगळा निधी आहे. काम नाकारावे लागले तर ऑडिटरने त्याची कारणे कुटुंबाला लेखी द्यायची आणि ती दूर करण्यासाठी कुठे मदत मिळेल तेही सांगायचे, असे त्याला शिकवले जाते.